आईच्या फोनची बॅटरी बदलताना

मार्च संपत आला असताना एका दुपारी आई म्हणाली, "अरे, हा फोन टेबलावर ठेवला की गप बसायचा, आता बोट लावलं की डुगडुगतोय." मी तो घेऊन स्वयंपाकघरातल्या ओट्यावर उताणा ठेवला. ओट्याचा दगड सपाट आहे, त्यामुळे तिचे म्हणणे लगेच पटले. पाठीचा धातूचा पत्रा मधोमध फुगला होता आणि डाव्या कडेला पत्रा व चौकट यांच्यामध्ये नखाचे टोक जाईल एवढी फट पडली होती. बॅटरी फुगलेली होती, याबद्दल शंका घेण्यासारखे काहीच उरले नव्हते. चार्जर बाजूला ठेवला, छायाचित्रे आणि नंबर संगणकावर उतरवून घेतले आणि आईला सांगितले की आता याला पुन्हा विजेला लावायचे नाही.

हा फोन २०१७ च्या दिवाळीत घेतलेला आहे. धातूची पाठ, मागच्या बाजूला बोटाचा ठसा ओळखणारी गोल चकती आणि आत ४१०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी, असा तो त्या काळातला अगदी सर्वसाधारण फोन. मी दोनदा नवीन घेऊन देण्याचे सुचवले आणि दोन्ही वेळा आईने नकार दिला. तिला इंग्रजी वाचता येत नाही. कोणते चित्र कोणत्या ओळीत कितवे आहे, हे तिने जागेवरून लक्षात ठेवले आहे. भजनी मंडळातल्या बायकांनी पाठवलेले अभंग कुठे सापडतात, माझ्या बहिणीला पुण्याला फोन कसा लावायचा, हे सगळे तिच्या बोटांना ठाऊक आहे. नवा फोन म्हणजे तिच्या दृष्टीने अनोळखी घरात अंधारात वावरणे. शिवाय फोनमध्ये दुसरा कोणताही दोष नव्हता. पडदा चांगला होता, आवाज स्वच्छ होता, कॅमेरा तिच्या गरजेपुरता उत्तम होता. एक भाग झिजला होता, आणि तो भाग मुळातच झिजण्यासाठी असतो.

तो इतक्या वाईट रीतीने का झिजला, याचे कारण मात्र आमच्या घराच्या इतिहासात आहे. आम्ही सांगलीच्या गावभागात राहतो. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली; धोक्याची पातळी तिथे ४५ फूट धरतात. आमच्या तळमजल्यात पाणी होते, वीज नव्हती आणि आम्ही वरच्या मजल्यावर होतो. त्या दिवसांत हाच फोन सकाळी दहा मिनिटे आणि संध्याकाळी दहा मिनिटे चालू करायचा, बहिणीला ख्यालीखुशाली कळवायची आणि पुन्हा बंद करायचा, असा नेम आम्ही पाळला. चौथ्या दिवशी बॅटरी संपली आणि त्यानंतरचा दीड दिवस आमच्याकडून काहीच कळत नसल्याने बहिणीने कसा काढला, हे ती अजूनही सांगते. पूर ओसरला, गाळ काढून झाला, भिंती वाळल्या. पण तेव्हापासून आईने फोन उशाशी चार्जरला लावून झोपण्याची सवय लावून घेतली. दिवसाही तिची बैठक संपली की फोन पुन्हा चार्जरवर जायचा. "लाईट कधी जाईल सांगता येत नाही," हे तिचे उत्तर ठरलेले असे, आणि ज्याने ते दिवस पाहिले आहेत त्याला ते खोडून काढता येत नाही.

परंतु लिथियम-आयन बॅटरीला नेमके हेच सोसत नाही. तिच्या आत ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर बहुधा लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचा थर, तांब्याच्या पातळ पत्र्यावर ग्रॅफाइटचा थर आणि दोघांच्या मध्ये केसाहूनही पातळ असा सच्छिद्र प्लास्टिकचा पडदा असतो, आणि हे सगळे ज्वलनशील द्रावणात भिजलेले असते. चार्ज करताना लिथियमचे आयन ग्रॅफाइटमध्ये जाऊन बसतात, वापरताना परत येतात. हा प्रवास पूर्णपणे निर्दोष नसतो. ग्रॅफाइटवर एक पापुद्रा तयार होतो. तो संरक्षक असतो, पण वर्षानुवर्षे जाड होत जातो आणि दर वेळी थोडे लिथियम कायमचे अडकवून ठेवतो. त्यामुळे बॅटरीची धारणक्षमता घटते. बॅटरी शंभर टक्के भरलेल्या अवस्थेत, म्हणजे सर्वांत वरच्या व्होल्टेजवर, तासन् तास राहिली तर द्रावणाचे विघटन वाढते आणि कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, इथिलीन यांसारखे वायू तयार होतात. उष्णतेने ही सगळी क्रिया आणखी वेगाने होते, आणि सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये उशीखाली चार्ज होणाऱ्या फोनला उष्णतेची वाण नसते. फोनमधली बॅटरी कडक डबीत नसून ॲल्युमिनियमचा थर असलेल्या मऊ पाकिटात सीलबंद असते. वायूला बाहेर पडायला वाट नसते, म्हणून पाकीट फुगते. आईने विजेच्या भीतीने जी काळजी घेतली, तीच त्या बॅटरीला भोवली.

ज्या वर्षी आम्ही त्या बॅटरीचा एकेक टक्का मोजत बसलो होतो, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लिथियम-आयन बॅटरीच्या शोधासाठी जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना रसायनशास्त्राचे नोबेल जाहीर झाले. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. ती बातमी वर्तमानपत्रात वाचताना मला जो आदर वाटला, तो एरवी कदाचित वाटला नसता.

पहिल्यांदा मी फोन हरभट रोडवरच्या एका दुकानात नेला. तिथल्या माणसाने फोन हातात न घेताच सांगितले की या फोनची बॅटरी चिकटवलेली असते, काढताना फोल्डर गेला तर जबाबदारी आमची नाही, त्यापेक्षा नवा घ्या. फोल्डर म्हणजे काच आणि डिस्प्ले मिळून होणारा समोरचा संपूर्ण भाग. दुसऱ्या दुकानात फोन हातात तरी घेतला, पण तिथल्या मुलाने उचललेली कड अंगठ्याने जोरात दाबून बसवायचा प्रयत्न केला. मी तो तत्काळ परत मागून घेतला. फुगलेल्या बॅटरीवर दाब देणे म्हणजे आतल्या त्या पातळ पडद्याची परीक्षा पाहणे आहे. पडदा फाटला की दोन्ही थर एकमेकांना भिडतात, आतल्या आत शॉर्ट होतो, आणि मग जी आग लागते ती फुंकरीने विझत नाही. दुकानदाराला हे ठाऊक नसावे, याचे मला फार वाईट वाटले.

मिरजेत स्टेशनजवळ आमच्या शेजाऱ्यांचा मुलगा दुरुस्तीचे काउंटर चालवतो. त्याने फोन दोन्ही बाजूंनी शांतपणे पाहिला. "काका, याला हीट दाखवायची नाही. नेहमीची बॅटरी असती तर गरम करून दोन मिनिटांत उचलली असती. फुगलेलीला फक्त लिक्विड आणि वेळ. माझ्याकडे वेळच नसतो, गिऱ्हाईक डोक्यावर उभं असतं. तुम्ही घरी सावकाश करा, अडलं तर तसंच घेऊन या." पूर्वी मी माझ्या स्वतःच्या दोन फोनच्या बॅटऱ्या बदललेल्या होत्या, हे त्याला ठाऊक होते. ज्याने आधी एकही फोन उघडलेला नाही त्याने फुगलेल्या बॅटरीपासून सुरुवात करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

रविवारी सकाळी गॅलरीत काम मांडले. फोन आदल्या दिवशी वापरून वापरून १५ टक्क्यांवर आणला होता. भरलेल्या अवस्थेत या बॅटरीत सुमारे १५.८ वॅट-तास ऊर्जा असते, म्हणजे ९ वॅटचा एलईडी दिवा पावणेदोन तास जळेल इतकी. ती चुकून एका क्षणात बाहेर पडायची असेल, तर जितकी कमी उरलेली असेल तितके बरे. शेजारी कोरड्या वाळूने अर्धे भरलेले घमेले आणि आईची सांडशी ठेवली. धूर दिसला तर विचार न करता बॅटरी वाळूत टाकायची, हे आधीच ठरवले होते. एका कोऱ्या कागदावर फोनची आकृती काढून तिच्यावर दुहेरी चिकटपट्टी लावली, म्हणजे जो स्क्रू जिथून निघेल तो कागदावर त्याच जागी चिकटून राहील. हे पाल्हाळ वाटेल, पण स्क्रूंची लांबी सारखी नसते. आखूड भोकात लांब स्क्रू पिळला तर त्याचे टोक खालच्या बोर्डात घुसते आणि बोर्डाच्या थरांमधून जाणारे तांब्याचे मार्ग तुटतात. चांगला फोन दुरुस्तीनंतर बंद पडण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

सगळ्यांत आधी सिमचा ट्रे काढला. तो तसाच राहिला तर पाठ उचलताना आतल्या पिना वाकतात. मग चार्जिंगच्या भोकाच्या दोन्ही बाजूंचे बारीक स्क्रू काढले आणि प्लास्टिकची पातळ पट्टी फटीत सरकवून एकेक खाच मोकळी करत गेलो. दर खाचेला बारीक टक् असा आवाज येतो. तो सुटल्याचा आहे की मोडल्याचा, हे पहिल्या दोन-तीन खाचांनंतर कानाला कळू लागते. फुगवट्यामुळे डावी बाजू आधीच सैल होती, त्यामुळे पट्टी आत फार जाऊ नये याची काळजी घ्यावी लागली. अशा फोनमध्ये घात होतो तो पाठ निघाल्यानंतर. बोटाच्या ठशाची चकती पाठीला जोडलेली असते आणि तिची कागदासारखी पातळ पट्टी बोर्डाला. झाकण उघडल्याच्या आनंदात पाठ झटकन उचलली की ती पट्टी फाटते. मी पाठ पुस्तकाच्या पानासारखी एका बाजूला अंशाअंशाने उघडली, पट्टीचे टोक दिसताच थांबलो आणि प्लास्टिकच्या काडीने तिचा कनेक्टर सरळ वर उचलून वेगळा केला.

त्यानंतर बॅटरीच्या कनेक्टरवरची पत्र्याची छोटी पट्टी काढून तोही सोडवला. इथून पुढे फोनमध्ये वीज नव्हती. बॅटरी आता पूर्ण दिसत होती. करड्या रंगाचे पाकीट पोळीसारखे टम्म फुगलेले होते, वरच्या बाजूला सुरकुत्या ताणून नाहीशा झाल्या होत्या. पाकिटाला भोक पडले असेल तर नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा गोडसर वास येतो, म्हणून डिंक सैल करणारा द्रव ओतण्यापूर्वी वास घेऊन खात्री केली. तसा वास नव्हता. बॅटरीखाली डिंकाच्या दोन पट्ट्या होत्या. त्यांची टोके बाहेर काढलेली असतात, ती हळूहळू ओढली की पट्टी लांबत लांबत निघून यावी अशी योजना असते. एक पट्टी तशी निघाली. दुसरी इतकी वर्षे उष्णतेत राहून ठिसूळ झाली होती. ती बोटभर ओढताच तुटली.

मग सुई नसलेल्या सिरिंजने ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचे काही थेंब बॅटरीच्या कडेने सोडले आणि चार मिनिटे थांबलो. हा द्रव डिंकाची पकड सैल करतो आणि मागे काही न ठेवता उडून जातो. त्यानंतर जाड तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, घेतला, तो दोन्ही हातांना गुंडाळून बॅटरीच्या वरच्या कडेखाली घातला आणि अगदी हलके डावीकडे-उजवीकडे ओढत खाली सरकवू लागलो. लोखंडी वस्तूचा, अगदी चिमट्याचाही, स्पर्श त्या पाकिटाला होऊ दिला नाही. थोडे सरकायचे, पुन्हा दोन थेंब, पुन्हा थांबायचे. आई दारात उभी राहून पाहत होती. मी तिला आत जायला सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "माझा फोन आहे, मी बघणार." ती उंबऱ्याच्या आत राहिली, पण गेली नाही. चाळीस मिनिटांनी बॅटरी मोकळी झाली. तिला वाकू न देता उचलून स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवले. वजन ६१ ग्रॅम भरले. कनेक्टरला चिकटपट्टी गुंडाळून ती वाळूत ठेवली.

ते वजन घेण्यामागे कारण होते. बॅटरीच्या वेष्टनावर काहीही छापता येते, पण आत किती माल आहे हे वजन सांगते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काटा पिशवीत घालून मी मिरजेला गेलो. पहिल्यांदा पुढे आलेल्या बॅटरीवर ५००० हा आकडा ठळकपणे छापला होता. आकार तोच, वजन ४७ ग्रॅम. क्षमता जास्त आणि वजन जवळजवळ पाऊणपट, हे कोणत्याही हिशेबात बसत नाही. दुसरी ६० ग्रॅमची होती, क्षमता ४१०० लिहिलेली होती, भारतीय मानक ब्यूरोचे (बीआयएस) चिन्ह आणि खाली आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक होता. तो क्रमांक बीआयएस केअर या ॲपवर तपासता येतो. तो मी तिथेच उभा राहून तपासला. उत्पादनाचा महिना पाहिला तो मागच्या वर्षीचा होता, आणि हे पाहणेही तितकेच आवश्यक आहे, कारण बॅटरी पेटीत नुसती पडून राहिली तरी म्हातारी होते. साडेसहाशे रुपये दिले.

परत येताना सतारमेकर गल्लीतून आलो. भोपळ्यांची रांग लावलेली दुकाने पाहून त्या दोन दिवसांत मनात घोळत असलेला विचार पुन्हा वर आला. लाकडी वाद्यांत पूर्वापार जो सरस वापरला गेला, त्याचा गुण असा की तो पक्का धरतो, पण ऊब आणि ओल दिली की सोडतोही. वाद्य बनवणाऱ्याला ते कधीतरी उघडावे लागणार हे ठाऊक असते, म्हणून सुटणारा डिंक निवडणे हा त्याच्या कारागिरीचाच भाग असतो. फोन बनवणाऱ्यांनाही बॅटरी काही वर्षांत बदलावी लागणार हे तितकेच पक्के ठाऊक असते. नोकिया ११०० ची बॅटरी नखाने निघत असे, आणि तीच बीएल-५सी बॅटरी गल्लीतल्या किराणा दुकानातही मिळत असे. बॅटरी आत बंद केल्याने फोन पातळ होतो हे खरे आहे. काढता येणाऱ्या बॅटरीला कडक कवच लागते आणि ते जागा खाते. परंतु पाण्यापासून बचावासाठी फोन कायमचा बंद करणे अपरिहार्य आहे, हे मला पटत नाही. २०१४ चा सॅमसंग गॅलॅक्सी एस५ पाण्यात तग धरणारा होता आणि त्याची पाठ हाताने उघडून बॅटरी काढता येत होती. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून, काही अपवाद वगळता, तिथे विकल्या जाणाऱ्या उपकरणांतील बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू केले. ते उपयुक्त आहे, पण पत्त्यांनी आणि माहितीपुस्तिकांनी डिंक सुटत नाही. बंधनकारक नियम इथेही हवा, असे मला मनापासून वाटते.

बॅटरी बसवणे तुलनेने सोपे होते. जुन्या डिंकाचे अवशेष अल्कोहोलने पुसून काढले. नवी बॅटरी न चिकटवता आधी नुसती जोडून फोन चालू केला. कनेक्टर बसवताना बोटाने चाचपून तो जागेवर आला आहे याची खात्री करायची आणि मगच दाबायचे. तिरका असताना दाबला तर पिना चिरडतात. पडदा उजळला, चार्जिंगचे चिन्ह दिसले, बोटाचा ठसा चालला. मग बंद करून नव्या पट्ट्यांवर बॅटरी चिकटवली, त्यांची ओढायची टोके मुद्दाम नीट दुमडून बाहेर ठेवली, कागदावरचे स्क्रू ज्याच्या त्याच्या जागी गेले आणि पाठ खाचांमध्ये पुन्हा बसली. धातूचा पत्रा मात्र इतका काळ ताणलेला होता की मध्यभागी किंचित उंचवटा राहिला आहे. तो हाताला जाणवतो.

जुनी बॅटरी घंटागाडीत टाकायची नाही, हे आईला समजावले. कचरा गाडीत दाबला जातो, आणि दाबलेली लिथियम बॅटरी संपूर्ण गाडी पेटवू शकते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी अशा बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. वाळूच्या डब्यात ती आठवडाभर सावलीत राहिली आणि नंतर मी ती विश्रामबागेतल्या एका सेवा केंद्रात नेऊन दिली. तिथल्या बाईंनी फुगवटा पाहून ती इतर बॅटऱ्यांमध्ये न टाकता वेगळी ठेवली, हे पाहून बरे वाटले.

आता राहिला तो आईच्या सवयीचा प्रश्न. मी तिला पापुद्रा, वायू, व्होल्टेज हे सगळे तिच्या भाषेत सांगितले. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "मग पाणी आलं तर?" त्यावर माझ्याजवळ एकच प्रामाणिक उत्तर होते, की तेव्हा पूर्ण भरायची. आमचे असे ठरले की एरवी ऐंशीच्या आसपास चार्जर काढायचा, रात्री फोन उशाशी न ठेवता कोनाड्यात ठेवायचा आणि तो विजेला लावायचा नाही. एप्रिल, मे आणि जून तिने हे नेमाने पाळले. सकाळी सातला ऐंशीवर असलेला फोन रात्री भजन संपेपर्यंत चाळिसाच्या खाली जात नाही, हे ती आता स्वतःच मला सांगते.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात सलग चार दिवस पाऊस लागला आणि कोयना धरणातून विसर्ग सुरू झाल्याची बातमी सकाळी आली. मी संध्याकाळी घरी आलो तेव्हा फोन चार्जरवर होता, पडद्यावर शंभरचा आकडा होता आणि शेजारी माझा जुना फोन आणि टॉर्चही विजेला लावलेले होते.